पॉडमॅनचं पॅकेज: नाव एक, मागे डझनभर, आणि कुठल्या डिस्ट्रोने ती नीट बांधलीत

पॉडमॅन म्हणजे डॉकरसारखं, प्रोग्राम त्याला लागणाऱ्या फायलींसकट वेगळ्या डब्यात (कंटेनरमध्ये) चालवणारं सॉफ्टवेअर, आणि गेली पाचेक वर्षं मी ते वापरतेय. लिनक्सच्या वेगवेगळ्या तयार संचांवर म्हणजे डिस्ट्रोंवर: डेबियनवर, उबुंटूवर, फेडोरावर, मधे वर्षभर आर्चवर आणि छोट्या कामांना अल्पाईनवर पण. हा रिव्ह्यू पॉडमॅन भारी का डॉकर भारी ह्याचा नाहीये, त्यावर भरपूर लिहून झालंय. मला लिहायचंय पॅकेजबद्दल. म्हणजे आपण एक ओळ टाईप करून इन्स्टॉल म्हणतो तेव्हा खरंच काय काय उतरतं, काय उतरत नाही, आणि जे उतरलं नाही त्याच्यापायी दोन दिवसांनी रात्री अकराला आपण एरर वाचत का बसलेलो असतो. ह्याच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही आणि नवीन माणसाला वाटतं की पॉडमॅनच गंडलेलाय. बहुतेक वेळा पॉडमॅन ठीक असतो हो, त्याच्या बरोबरचं कोणीतरी आलेलं नसतं.

कारण कंटेनर सॉफ्टवेअर हा एक प्रोग्राम नाहीच. पॉडमॅन स्वतः मुकादम आहे, काम दुसरे करतात. कंटेनर प्रत्यक्ष सुरू करणारा क्रन किंवा रनसी. सुरू झाल्यावर त्याच्याजवळ बसून राहणारा, लॉग आणि शेवटचा एक्झिट कोड सांभाळणारा कॉनमॉन. नेटवर्क जोडणारा नेटावार्क, आणि एका कंटेनरला दुसरा नावाने सापडावा म्हणून आर्डवार्क-डीएनएस. रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी युजर, नसताना (ह्यालाच रूटलेस म्हणतात) नेटवर्क बाहेरपर्यंत नेणारा पास्टा, त्याच्या आधी हेच काम करणारा स्लर्प-फोर-नेटएनएस. युजर आयडींची वाटणी करून देणारे न्यूयूआयडीमॅप आणि न्यूजीआयडीमॅप. कंटेनरच्या आत इनिटचं, म्हणजे पहिल्या प्रोसेसचं, काम करायला कॅटाटोनिट. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जुना असेल तर फायलींचे थर जोडायला फ्यूज-ओव्हरलेएफएस. आणि ह्या सगळ्यांनी वाचायच्या कॉन्फिग फायलींचं अजून एक वेगळं पॅकेज. ह्यातला गरजेचा कोणी गैरहजर असला तरी पॉडमॅन इन्स्टॉल होतो, व्हर्जन विचारलं तर छान सांगतो, हेल्प दाखवतो, आणि मग पहिला कंटेनर चालवायला गेलात की आपटतो.

आता असं का होतं ते समजून घ्या, कारण पॅकेजचा दर्जा मोजायची माझी पट्टी हीच आहे. लायब्ररीची डिपेन्डन्सी, म्हणजे चालायला कुठली दुसरी लायब्ररी लागते ते, पॅकेज बनवणारी टूल्स आपोआप शोधतात, बायनरी फाईल उघडून बघतात की हिला लिबसेककॉम्प लागतं, जीपीजीएमई लागतं, लिबसबआयडी लागतं, आणि तसं लिहून टाकतात. त्यात माणूस चुकायला फारसा वावच नाही. पण एका प्रोग्रामने चालता चालता दुसऱ्या प्रोग्रामला हाक मारली तर ते त्या टूलला दिसतच नाही. कॉनमॉन, क्रन, पास्टा, न्यूयूआयडीमॅप हे सगळे हाक मारून बोलावले जाणारे आहेत. म्हणजे पॅकेज सांभाळणाऱ्या माणसाला ते स्वतःला माहिती असायला लागतं, पॉडमॅनची नवी आवृत्ती आली की आता कोण नवीन लागतो आणि कोण लागत नाही हे वाचून हाताने यादीत लिहावं लागतं, आणि वर हेही ठरवावं लागतं की हे सक्तीचं का नुसतं शिफारस म्हणून. हे काम जो मन लावून करतो त्याचं पॅकेज चांगलं.

आणि ह्या शिफारशीच्या रकान्यावरच सगळ्यात जास्त लोक घसरतात. डेबियन आणि उबुंटूमध्ये पॉडमॅनला कॉनमॉन, आणि क्रन-रनसीपैकी एक, हे सक्तीचे आहेत. पण यूआयडीमॅप, डीबस-युजर-सेशन, रूटलेस नेटवर्कवाला, हे सगळे रेकमेंड्स मध्ये. एपीटी, म्हणजे तिथला पॅकेज उतरवणारा प्रोग्राम, साधारणपणे रेकमेंड्स पण उतरवतो त्यामुळे घरच्या लॅपटॉपवर कधी काही जाणवत नाही. मला जाणवलं ते भाड्याच्या एका सर्व्हरवर. होस्टिंगवाल्याचं नाव घेत नाही, पण त्यांच्या तयार इमेजमध्ये एपीटीच्या कॉन्फिगमध्ये रेकमेंड्स बंद करून ठेवलेले होते, जागा वाचावी म्हणून असेल, आणि हे कुठे लिहिलेलं पण नव्हतं. मी नेहमीसारखी ओळ टाईप केली, पॉडमॅन आला, पहिला कंटेनर चालवला तर म्हणे न्यूयूआयडीमॅप नावाची फाईल पाथमध्ये सापडत नाही. ते टाकलं तर पुढे नेटवर्कवाला नाही. तो टाकला तर सीग्रुप (प्रोसेसना सीपीयू-मेमरी वाटून देणारी कर्नलची सोय) मॅनेजरला सिस्टिमडीचं, म्हणजे सर्व्हिस चालवणाऱ्या प्रोग्रामचं, युजर सेशनच सापडेना, कारण डीबसवालं पॅकेज नव्हतं. एकामागून एक असे तीन धक्के आणि प्रत्येक एररची भाषा वेगळी, कारण प्रत्येक वेळी ओरडणारा प्रोग्राम वेगळा.

आता डेबियनची बाजू मला पटते, रूट म्हणून पॉडमॅन चालवणाऱ्याला यूआयडीमॅप लागत नाही, मग सक्ती कशाला, नियमात ते बरोबरच आहे. पण पॉडमॅनकडे लोक येतात ते रूटलेससाठीच ना. दहा जणांतले नऊ जण ज्या कामासाठी हे पॅकेज घेतात ते काम सक्तीच्या यादीतून पूर्ण व्हायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे, किंवा मग पॉडमॅन-रूटलेस असं एक छोटं पॅकेज तरी ठेवा की जे फक्त बाकीच्यांना ओढून आणेल. फेडोराने काहीसं असंच केलंय, कंटेनर्स-कॉमन आणि त्याच्या जोडीला कंटेनर्स-कॉमन-एक्स्ट्रा, आणि हे एक्स्ट्रावालं नेटवर्क आणि रनटाईमची सगळी गँग एकदम आणतं. डॉकरफाईलमध्ये रेकमेंड्स बंद करायची सवय लागलेल्यांनी तर हे खास लक्षात ठेवा, तीच सवय सर्व्हरवर पॉडमॅन टाकताना वापरू नका.

नावांचा पण घोळ आहे थोडा. पास्टा हवाय म्हणून पास्टा शोधाल तर सापडणार नाही, पॅकेजचं नाव पॅस्ट आहे आणि पास्टा ही त्यातली एक कमांड. डेबियनमध्ये कॉन्फिग फायलींच्या पॅकेजचं नाव गोलँग-गिटहब-कंटेनर्स-कॉमन, म्हणजे नवख्या माणसाला वाटावं ही गो भाषेची काहीतरी लायब्ररी आहे, आपल्या काय कामाची. पण रजिस्ट्रीची यादी, शॉर्ट नावं, सेककॉम्पचे नियम हे ह्याच कुटुंबातून येतं, आणि पॉलिसी-जेसन नावाची फाईल मशीनवर नसली तर एक इमेज (कंटेनर ज्यापासून बनतो तो तयार साचा) सुद्धा खाली उतरत नाही. जुन्या लोकांना आठवत असेल, डॉकरचंही असंच झालेलं. डेबियनमध्ये डॉकर हे नाव आधीच सिस्टिम ट्रेच्या एका छोट्या प्रोग्रामने घेतलेलं होतं, म्हणून कंटेनरवाल्या डॉकरचं पॅकेज डॉकर-डॉट-आयओ झालं आणि आजही तेच आहे.

डॉकरबद्दल इथे थोडं सांगते, तुलनेपुरतं. डॉकर घ्यायचे निदान तीन रस्ते आहेत, डिस्ट्रोचं डॉकर-डॉट-आयओ, डॉकर कंपनीच्या स्वतःच्या रेपोतलं (पॅकेजच्या साठ्यातलं) डॉकर-सीई, आणि उबुंटूवर स्नॅप, म्हणजे तिथला वेगळा, बंदिस्त पॅकेजचा प्रकार. डॉकर-सीई बरोबर कंटेनरडी-डॉट-आयओ नावाचं पॅकेज येतं आणि त्याच्या पोटात रनसी पण असतो, म्हणून डिस्ट्रोचे कंटेनरडी आणि रनसी आधी काढून टाका असं त्यांचं डॉक्युमेंटेशनच सांगतं. स्नॅपवाल्याला होम फोल्डरच्या बाहेरच्या फायली वाचता येत नाहीत. तिन्हींपैकी एक धरा आणि तोच ठेवा, मिसळू नका. एक फरक मात्र पॉडमॅनच्या बाजूने फार मोठा आहे. डॉकरचं पॅकेज अपडेट झालं की डिमन (सतत मागे चालणारा मुख्य प्रोग्राम) रीस्टार्ट होतो आणि लाईव्ह-रीस्टोअर चालू केलेलं नसेल तर चालू कंटेनर सगळे थांबतात. पॉडमॅनमध्ये डिमनच नाही, प्रत्येक कंटेनरजवळ त्याचा कॉनमॉन बसलेला असतो, पॅकेज खालून बदललं तरी चालू असलेला कंटेनर चालूच राहतो. सर्व्हरवर सिक्युरिटी अपडेट आपोआप लागतात अशी सोय ज्यांनी केलीय त्यांना ह्याची किंमत कळेल.

आता असं एक प्रकरण ज्यात पॅकेज इन्स्टॉल होऊनही काम संपत नाही, ते म्हणजे सबयूआयडी. रूटलेस कंटेनरच्या आत रूट, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा, पोस्टग्रेस असे बरेच युजर असतात आणि बाहेर तर तुम्ही एकटेच. मग आतल्या त्या सगळ्यांना बाहेरचे कुठले आयडी द्यायचे, ते ईटीसीमधल्या सबयूआयडी आणि सबजीआयडी ह्या दोन फायलींत लिहिलेलं असतं, साधारण १००००० पासून पुढचे ६५५३६. आजकाल नवीन युजर बनवला की ह्या ओळी आपोआप पडतात. पण युजर एलडॅपमधून (ऑफिसच्या मध्यवर्ती युजर-यादीतून) येत असेल, किंवा फार जुन्या काळी बनवलेला असेल आणि मशीन तेव्हापासून अपग्रेड होत आलेलं असेल, किंवा तुम्ही पासवर्ड फाईल हाताने एडिट केली असेल, तर ओळ नसते. मग इमेज खाली उतरता उतरता मधेच थांबते, पुरेसे आयडी नाहीत म्हणून. ओळ घालायची आणि मग पॉडमॅन सिस्टिम मायग्रेट चालवायचं, हे दुसरं पाऊल लोक विसरतात, आणि ओळ घालूनही चालत नाही म्हणून वैतागतात.

शिवाय ही वाटणी करणारा न्यूयूआयडीमॅप स्वतः थोडे जास्तीचे अधिकार घेऊन चालतो. डेबियनमध्ये तो सेटयूआयडी रूट आहे, म्हणजे कोणीही चालवला तरी रूटच्या अधिकाराने चालतो, फेडोरामध्ये त्याऐवजी फाईल कॅपॅबिलिटी लावलेली असते. फेडोराची पद्धत जास्त नेटकी आहे, हवा तेवढाच अधिकार, पण फाईल साध्या पद्धतीने कॉपी केली किंवा टारमधून इकडची तिकडे नेली की कॅपॅबिलिटी गळून पडते आणि वरून फाईल तशीच्या तशी दिसते. कंटेनरच्या आत पॉडमॅन चालवायला गेले तेव्हा मी ह्यात अख्खा दिवस घालवला. आरपीएमला सांगून शॅडो-युटिल्स पॅकेजच्या कॅपॅबिलिटी परत बसवल्या आणि झालं. निक्सओएसवर तर स्टोअरमध्ये सेटयूआयडी ठेवताच येत नाही म्हणून ते वेगळा रॅपर बनवतात, आणि तिथे कॉन्फिगमध्ये एक ओळ लिहून पॉडमॅन चालू केला की हे सगळं तेच बघतात. ते बघून मला खरंच छान वाटलं.

कर्नलकडून येणाऱ्या अटी पॅकेजच्या यादीत लिहिताच येत नाहीत, हा ह्या सगळ्यातला सगळ्यात अवघड भाग. डेबियन १० पर्यंत साध्या युजरला युजर नेमस्पेस (युजर आयडींचं वेगळं बंद जग) बनवायची परवानगीच नव्हती, ११ पासून ती डीफॉल्ट चालू झाली. रूटशिवाय ओव्हरले फाईलसिस्टिम माउंट करणं कर्नल ५.११ पासून जमायला लागलं, त्याच्या आधी फ्यूजवालं वापरावं लागायचं आणि ते चालायचं पण बिल्डच्या वेळी हळूपणा अगदी जाणवायचा. उबुंटू २४.०४ ने उलट दिशेने एक गाठ मारली, अॅपआर्मर ह्या सुरक्षेच्या यंत्रणेमधून साध्या प्रोग्रामांना युजर नेमस्पेस बंद, आणि पॉडमॅनसारख्यांना प्रोफाईल देऊन सूट. पण ती सूट यूएसआर-बिनमधल्या पॉडमॅनला आहे. तुम्ही नवीन व्हर्जन स्वतः बिल्ड करून यूएसआर-लोकल-बिनमध्ये ठेवलंत की प्रोफाईल त्याला लागू होत नाही आणि परवानगी नाही असं उत्तर येतं. म्हणजे फाईल कुठल्या फोल्डरमध्ये आहे ही सुद्धा डिपेन्डन्सी झाली. सुरक्षेच्या दृष्टीने निर्णय चांगलाच आहे, पण हाताने बसवणाऱ्याला हे कोणी सांगत नाही.

लिबसेककॉम्पचं एक उदाहरण द्यायलाच हवं कारण ते चुकीच्या जागी दिसतं. कंटेनरमधल्या प्रोग्रामने कुठले सिस्टिम कॉल (कर्नलकडे मागण्या) करायचे ह्याची चाळणी होस्टवरची, म्हणजे बाहेरच्या मशीनवरची, ही लायब्ररी लावते. होस्ट जुना आणि इमेज नवीन असेल तर इमेजमधली सी लायब्ररी नवा कॉल करून बघते, होस्टवरची जुनी लिबसेककॉम्प त्या कॉलला ओळखत नाही, आणि असा कॉल नाहीये असं सांगायच्या ऐवजी परवानगी नाही असं सांगितलं जातं. अल्पाईन ३.१४ ची इमेज आली २०२१ मध्ये, तेव्हा जुन्या होस्टवर आतमध्ये मेक चालेना, फाईल समोर दिसतेय, परवानग्या बरोबर आहेत आणि तरी परवानगी नाही. लोक इमेजला दोष देत बसले, इलाज होता होस्टवरची लिबसेककॉम्प आणि रनटाईम अपडेट करण्यात. कंटेनर म्हणजे सगळं आत भरलेला डबा, होस्टशी देणंघेणं नाही, असं जे सांगितलं जातं ते पूर्ण खरं नाही ते इथे कळतं.

आता व्हर्जन. इथे मतं फार टोकाची असतात. डेबियन ११ मध्ये पॉडमॅन ३.०.१, १२ मध्ये ४.३.१, १३ मध्ये ५.४.२. उबुंटू २२.०४ मध्ये ३.४.४ आणि २४.०४ मध्ये ४.९.३. आकडे नुसते वाचून काही कळत नाही, कुठल्या आकड्यांच्या मधे काय आलं ते बघावं लागतं. नेटावार्क ४.० ला आलं, २०२२ मध्ये. क्वाडलेट, म्हणजे कंटेनर सिस्टिमडीची सर्व्हिस म्हणून चालवायची सोय, ४.४ ला आलं, २०२३ मध्ये. पास्टा डीफॉल्ट झाला ५.० ला, मार्च २०२४. म्हणजे डेबियन १२ वाल्यांचं क्वाडलेट एका पायरीने हुकलं! आणि त्रास असा की क्वाडलेट नसेल तर एरर येत नाही. तुम्ही नेटवरचं उदाहरण बघून होममधल्या कॉन्फिग फोल्डरमध्ये डॉट-कंटेनर फाईल नीट लिहून ठेवता, सिस्टिमडी रीलोड करता, आणि काहीच होत नाही, सर्व्हिस सापडतच नाही, कारण त्या फाईलचं सर्व्हिसमध्ये रूपांतर करणारा जनरेटर त्या व्हर्जनमध्ये नाहीच. मला दोन-तीन जणांनी विचारलंय हे, सगळ्यांकडेच डेबियन १२. त्यांच्यासाठी उत्तर जुनंच, पॉडमॅन जनरेट सिस्टिमडी वापरा, १३ वर गेलात की क्वाडलेटवर या.

मग लोक काय करतात, नवीन व्हर्जन बाहेरून आणतात. मी पण आणलेलं. उबुंटू २०.०४ च्या अधिकृत रेपोत पॉडमॅन नव्हताच, तेव्हा बाहेरच्या एका रेपोतून घेतला, दोन वर्षं छान चालला, आणि २२.०४ वर अपग्रेड करताना अडकले. बाहेरच्या रेपोचं कंटेनर्स-कॉमन आणि उबुंटूचं ते गोलँग-नावाचं पॅकेज, दोघांत त्याच मॅन पेजच्या फायली, डीपीकेजी, म्हणजे पॅकेज प्रत्यक्ष बसवणारं टूल, म्हणतं ही फाईल दुसऱ्या पॅकेजची आहे, मी तिच्यावर लिहिणार नाही. अपग्रेड अर्ध्यात. शेवटी बाहेरची सगळी पॅकेजं एकेक करून काढली, रेपोची ओळ काढली, आणि मग उबुंटूची घातली. इमेजेस आणि व्हॉल्यूम (कंटेनरचा बाहेर साठवलेला डेटा) वाचले, ते होममध्ये असतात म्हणून.

दुसऱ्या एका मशीनवर त्याहून वाईट केलेलं, कुणीतरी बनवून ठेवलेला नवीन पॉडमॅन बायनरी आणून टाकला, बाकीचं सगळं डिस्ट्रोचं जुनं. तर क्रन म्हणाला अननोन व्हर्जन स्पेसिफाईड. कारण नवीन पॉडमॅन कंटेनरचं जे वर्णन लिहून देतो त्यावर ओसीआय स्पेकचा (कंटेनरच्या सामाईक प्रमाणाचा) नवीन आकडा असतो, जुना क्रन तो वाचून मागे सरतो. मग नवीन क्रन पण आणला, मग नवीन कॉनमॉन पण. पॉडमॅन इन्फो ही कमांड प्रत्येक मदतनीस कुठल्या पॅकेजमधून आलाय ते दाखवते, तिथे माझ्याकडे तीन ठिकाणी अननोन लिहून यायला लागलं. तेव्हा काही वाटलं नाही. आणि हो, पॉडमॅनच्या अधिकृत रिलीजमध्ये लिनक्ससाठी जी तयार फाईल मिळते ती फक्त रिमोट क्लायंट आहे, कंटेनर ती स्वतः चालवत नाही, ती दुसरीकडच्या पॉडमॅनशी बोलते. ती उतरवून चालत नाही म्हणून रागावलेले लोक मी बघितलेत.

अननोनची किंमत कळली जानेवारी २०२४ मध्ये. रनसीमध्ये मोठी भानगड सापडली, आतला प्रोसेस एका उघड्या राहिलेल्या फाईल डिस्क्रिप्टरमधून होस्टच्या फाईलसिस्टिमपर्यंत पोचू शकत होता, सीव्हीई-२०२४-२१६२६, दुरुस्ती रनसी १.१.१२ मध्ये. २०१९ च्या फेब्रुवारीत पण रनसीचंच एक आलेलं, त्यात तर कंटेनर होस्टवरचा रनसी बायनरीच बदलू शकायचा. ज्या मशीनवर रनसी डिस्ट्रोचा होता तिथे एक अपडेट आणि विषय संपला. हाताने ठेवलेल्या मशीनवर मात्र मला आधी शोधावं लागलं की कुठला रनटाईम कुठून आणलाय, रनसी कुठे आहे का फक्त क्रनच आहे, कुठल्या फोल्डरमधला आधी उचलला जातो, आणि तो नवीन कुठून आणायचा. वेगवेगळी पॅकेजं करायचा खरा फायदा हा आहे, इन्स्टॉल करताना त्याचा त्रास वाटतो पण अशा दिवशी एकच तुकडा बदलायचा असतो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, हा फायदा प्रोग्रामांपुरता आहे, गोच्या लायब्रऱ्यांना तो मिळत नाही. पॉडमॅन गोमध्ये आहे आणि गोच्या लायब्रऱ्या बायनरीच्या पोटातच जातात. डेबियन त्या प्रत्येक लायब्ररीचं वेगळं सोर्स पॅकेज करतं, शेकड्याने, आणि कुठल्या बायनरीत काय गेलंय त्याची नोंद ठेवतं, पण एका लायब्ररीत भोक सापडलं तर ती वापरणारे सगळे प्रोग्राम परत बिल्ड करावेच लागतात. फेडोरा पॉडमॅनबरोबर आलेल्या लायब्रऱ्या तशाच घेतं आणि पॅकेजवर लिहून ठेवतं की ह्याच्या पोटात अमुक अमुक आहे. डेबियनची पद्धत मला तत्त्वाने जास्त आवडते, पण त्याचा भार पॅकेज सांभाळणाऱ्या मोजक्या लोकांवर पडतो आणि व्हर्जन मागे राहायचं एक कारण हेही आहे. व्हर्जन जुनं म्हणून त्यांच्यावर चिडणाऱ्यांनी एकदा पॉडमॅनच्या डिपेन्डन्सींची यादी उघडून बघावी.

फेडोराबद्दल आता. पॉडमॅनवर काम करणारे बरेच लोक तिथलेच असल्यामुळे पॅकेज सगळ्यात ताजं आणि सगळ्यात जुळलेलं, सेलिनक्सचे (फेडोरातल्या सुरक्षा यंत्रणेचे) नियम कंटेनर-सेलिनक्स नावाच्या वेगळ्या पॅकेजमध्ये, बरोबरच येतात. पहिल्यांदा व्हॉल्यूम जोडताना आत फाईल दिसते पण वाचता येत नाही तेव्हा सेलिनक्स बंद करू नका प्लीज, व्हॉल्यूमच्या शेवटी मोठा झेड लावा, एवढंच. फेडोराने पुढे धावायची किंमत पण मोजलीय, ऑक्टोबर २०१९ ला फेडोरा ३१ ने सीग्रुप व्ही-टू डीफॉल्ट केलं तेव्हा डॉकर त्यावर चालतच नव्हता, डिसेंबर २०२० च्या डॉकर २०.१० पर्यंत लोक कर्नलच्या ओळीत जुना सीग्रुप परत आणायचा पर्याय घालून दिवस काढत होते. पॉडमॅन आणि क्रन मात्र पहिल्या दिवसापासून तयार. पाचपैकी पाच देते मी फेडोराला, फक्त दर वर्षी-सव्वा वर्षात मशीन पुढच्या आवृत्तीवर न्यायची तयारी हवी.

आर्चवर पॅकेज उत्तम, नवीन, पण पर्यायी डिपेन्डन्सी नुसत्या दाखवल्या जातात, उतरवायच्या तुम्ही. आणि कर्नल अपडेट झाल्यावर चालू कर्नलचे मॉड्यूल डिस्कवरून गेलेले असतात, रीबूट करेपर्यंत नेटावार्कला हवं ते मॉड्यूल लोड होत नाही आणि कंटेनरला नेटवर्क मिळत नाही. दोष पॉडमॅनचा वाटतो, असतो रीबूटचा. अल्पाईनवर सिस्टिमडी नाही त्यामुळे क्वाडलेट विसरा, सीग्रुप सर्व्हिस स्वतः चालू करा, टन मॉड्यूल लोड करा, सबयूआयडीच्या ओळी स्वतः लिहा. माहिती असेल तर दहा मिनिटांचं काम आणि मशीन अगदी हलकं राहतं, पण पहिलाच पॉडमॅन असेल तर इथून सुरुवात करू नका.

उबुंटू २४.०४ ला साडेतीन. क्वाडलेट आहे, अॅपआर्मरची प्रोफाईल नीट आहेत, पण ४.९ वरच थांबलेलं असल्यामुळे रूटलेस नेटवर्क अजून स्लर्पवर. डेबियन १३ ला साडेचार, अर्धा कापला तो रेकमेंड्ससाठी, वर सांगितलंय. १२ वरून १३ वर जाणाऱ्यांनी दोन गोष्टी आधी बघा. एक, रूटलेस नेटवर्क आता पास्टा असेल आणि तो होस्टचाच पत्ता कंटेनरला दाखवतो, त्यामुळे स्लर्पच्या काळातले १०.०.२ ने सुरू होणारे पत्ते कुठे कॉन्फिगमध्ये लिहून ठेवले असतील तर ते शोधून काढा. दोन, मशीन डेबियन ११ पासूनचं असेल तर पॉडमॅन इन्फोमध्ये नेटवर्क बॅकएंड बघा, जुन्या इमेजेस असलेल्या मशीनवर ४ नंबरचा पॉडमॅन नेटावार्कच्या आधीच्या सीएनआय ह्या नेटवर्क पद्धतीलाच चिकटून राहतो, आणि ५ मध्ये सीएनआय डीफॉल्ट बिल्डमधून काढलंय. व्हॉल्यूम बाहेर काढून ठेवा, सिस्टिम रीसेट करा, नेटावार्कवर या, आणि मगच अपग्रेड.

ते तीन अननोनवालं मशीन मी गेल्या वर्षी पुसून डेबियन १३ वर नव्याने उभं केलं. रेकमेंड्स चालू आहेत ना ते आधी तपासलं, मग एका ओळीत पॉडमॅन, सबयूआयडी बघितली, लिंगर चालू केलं म्हणजे लॉगआउट झाल्यावर पण युजरच्या सर्व्हिस चालू राहतात, आणि सात क्वाडलेट फायली जागेवर ठेवल्या. अर्ध्या तासात सातही कंटेनर उभे. पॉडमॅन इन्फो उघडून वरपासून खालपर्यंत वाचलं, कॉनमॉन, क्रन, पास्टा, नेटावार्क, प्रत्येकासमोर पॅकेजचं पूर्ण नाव आणि आकडा.